तळाची रेघ

फ्रायबर्गच्या चौकालगत माझं नाण्यांचं दुकान,
तीन पायऱ्या खाली. त्यामुळे गिऱ्हाईक
आधी बुटांनी दिसतं, मग गुडघ्यांनी,
चेहरा सगळ्यात शेवटी.
त्या दिवशीचे बूट खाणकामगाराचे असावेत असे जाड,
आणि त्यांच्यात इर्मट्राउट हेम्पेलबाई.

लोकरी मोज्यातून डबी निघाली,
डबीतून शंभर युरोंचं सोन्याचं नाणं,
क्वेडलिनबुर्गच्या गौरवार्थ काढलेलं, साल दोन हजार तीन,
साडेपंधरा ग्रॅम आणि वर उगीच थोडं.
"भाव नका सांगू, गाव सांगा.
कुठल्या टांकसाळीत जन्मलं ते कागदावर लिहा,
खाली सही, सहीवर शिक्का."

गाव शोधणं सोपं असतं.
ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, एफ श्टुटगार्ट,
जी कार्ल्सरूह, जे हॅम्बुर्ग.
मागवणाऱ्याला अक्षर निवडता येत नसे,
पोस्टमन आणेल ते आपलं.
मधली अक्षरं कुठे गेली, पोरं विचारतात.
मी सांगतो, गैरहजर.

भिंग लावलं. तिळाएवढं अक्षर.
माझाच श्वास काचेवर बसला,
पुसून पुन्हा पाहिलं.
ई.

ई म्हणजे मुल्डेनह्युटन,
इथून सायकलनं वीस मिनिटं, नदीच्या वळणावर.
तिथली टांकसाळ त्रेपन्न साली बंद पडली.
पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं
काल टाकलेलं पत्र यावं, तसं ते अक्षर.

"दिसलं?" बाईंनी विचारलं,
उत्तर माहीत असलेल्या मास्तरणीसारखं.

मी दिवा तिरका केला.
उभ्या उजेडात सोनं मिरवतं,
तिरक्यात कबूल होतं.
वरच्या दोन आडव्या रेघा फुगीर,
प्रत्येकीची आपापली सावली.
तिसरी, तळाची,
वर आलेलीच नव्हती. आत गेली होती.
ठशाचं अक्षर धातूच्या पोटातून उठतं.
ही रेघ बाहेरून आलेली, सुईच्या टोकानं,
एका दमात. हात कापलेला नाही कुठे.
इतकी सरळ, की मला मत्सर वाटला.

"एफ," मी म्हणालो. "श्टुटगार्ट.
नंतर कुणीतरी कोरलंय.
संग्राहक आता शिवणार नाही,
वितळवायच्या भावानं जाईल."

बाई मोज्याची घडी घालत होत्या.
"बाबा सोळाचे होते. ठसे घासायला होते तिथे.
सोनं कुठलं, ॲल्युमिनियमची चिल्लर पाडायचे,
फुंकली तर उडेल अशी.
शेवटच्या दिवशी त्यांच्याकडून फरशी झाडून घेतली
आणि निघताना खिसे तपासले.
हे नाणं पहिल्या पेन्शनमधलं.
डबी उघडली, भिंगातून पाहिलं, म्हणाले,
एकच रेघ कमी पडली.
मला वाटलं पुढे काही बोलतील.
सुयांचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले."

छापील नमुन्यात रकाना असतो : टांकसाळ.
मी लिहिलं, एफ, श्टुटगार्ट.
शेरा या रकान्यात सहसा 'ओरखडे', 'डाग' असलं काही येतं.
पेन बराच वेळ तिथे थांबलं.
मग लिहिलं :
तळाची रेघ मुल्डेनह्युटनची.
सही केली. शिक्का जरा वाकडा बसला.

बाईंनी दोनदा वाचलं.
"वितळवायचा भाव, तेही लिहा," म्हणाल्या,
"भाऊ विका विका म्हणून मागे लागलाय.
आता गप्प बसेल."
बारा युरो मोजून दिले, सगळी सुटी नाणी,
आणि पायऱ्या चढू लागल्या.
आधी चेहरा गेला, मग गुडघे.
बूट मात्र वरच्या पायरीवर
थोडा वेळ तसेच उभे होते.